कानखात्याचा माणूस

२ ऑक्टोबर १९८२, शनिवार

गांधी जयंतीची सुट्टी. दिवसभर बसून नाटकाचा पहिला अंक पुरा केला. यंदा विजयादशमीला, धम्मचक्र दिनी, आदिलाबादकडच्या आमच्या जांभूळधऱ्यात नाटक करायचं असं विहारात ठरलं. गावात मराठी शाळेचा मास्तर मी, म्हणून लिहिणं माझ्यावर आलं. खरं तर ते कोणी माझ्यावर टाकावं याची मी तीन वर्षं वाट पाहत होतो.

काल ठाण्यातला जमादार येऊन गेला. पोलिसांनी इंद्रवेल्लीत आदिवासींच्या मोर्च्यावर गोळ्या घातल्या त्याला दीड वर्ष झालं, तरी चार माणसं जमायची तर अजून इजाजत लागते. "किस बारे में है ड्रामा?" त्याने विचारलं. एका बादशाहीबद्दल, मी म्हटलं. "कौनसी?" म्हटलं, अशी कुठेच नाही, मनातली आहे. तो हसला आणि कागदावर दस्तखत करून गेला.

मेघकोट नावाचं साम्राज्य. त्याचं एक गुप्त खातं, श्रवणखातं. या खात्याची माणसं कोणाला मारत नाहीत, धमकावत नाहीत, काही विचारतसुद्धा नाहीत. येतात, समोर बसतात आणि ऐकतात. माणूस आपणहून सांगायला लागतो. आधी दुसऱ्याचं सांगतो, मग स्वतःचं. नाटकाची ही कल्पना मला स्वतःला फार आवडली आहे.

९ ऑक्टोबर, शनिवार

खात्याच्या प्रमुखाचं काम कोणाला द्यायचं यावर चार दिवस गेले. सगळ्यांना मिशा पिळायच्या आहेत, ओरडायचं आहे. शेवटी मारोती टेलरला उभं केलं. मारोती म्हणजे गावातला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस. माप घेताना गिऱ्हाइकाला बोट लागलं तर माफी मागणारा. त्याला एकच वाक्य दिलंय, ते नाटकभर सात वेळा यायचं: "बोला. मी ऐकतोय."

तो हळूच म्हणाला, "गुरुजी, मले जमनार नाही. मले लोकायकडं पाहून बोलताच येत नाही."

"पाहू नकोस," मी म्हटलं. "त्यांच्या गळ्याकडे पाहा. माप घेताना पाहतोस तसं."

त्याने तसं करून पाहिलं. समोर दादाजी होता. तो कैद्याचं काम करतोय. पन्नाशीचा गडी, दोन एकर कापूस, माझ्या प्रौढ वर्गात गेल्या हिवाळ्यात लिहावाचायला शिकला. मारोतीने त्याच्या गळ्याकडे पाहत ते वाक्य म्हटलं आणि दादाजी आपला संवाद विसरला. "मास्तर, हा मारोती नाही ना," तो हसत म्हणाला, पण मागे सरकला.

२० ऑक्टोबर, बुधवार

मारोतीने स्वतःच कोट शिवला. जुन्या राखाडी घोंगडीचा, पोटरीपर्यंत लांब, गळ्याशी बंद. चांगलं काम केलंय. नाटकाचं सामान शाळेच्या कपाटात ठेवतो, किल्ली माझ्याकडे असते.

थंडी लवकर पडली या वर्षी. आज पहाटे फिरायला जाताना तोच कोट अंगात घातला. मला अगदी बेताचा बसतो. ओढ्यापर्यंत जाऊन आलो. छान ऊब आहे.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

काल नाटक झालं. बाजारहत्नूरकडचे, पलीकडच्या दोन गुड्यांतले, गोंडांच्या वस्त्यांतलेही लोक आले होते. विहारापुढचं मैदान भरलं होतं.

पहिल्या अंकात लोक हसत होते. दुसऱ्यात मारोती आला, दादाजीसमोर स्टुलावर बसला, काहीच केलं नाही. पोरंसुद्धा गप्प झाली. "बोला. मी ऐकतोय." पाचव्या वेळी बायकांमधून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "सांगून टाक ना रे बाबा!" कोणी हसलं नाही.

शेवटी लोक राजवाडा फोडतात आणि दादाजी सुटतो. टाळ्या पडल्या. पण मला वाटतं, तो भाग लोकांनी नीट पाहिलाच नाही. सगळे मारोती कोणत्या बाजूने आत गेला तेच बघत होते.

घरी बायको, कुसुम, म्हणाली, "चांगलं झालं. पण पुढच्या वर्षी हसायचं लिवा."

३१ ऑक्टोबर, रविवार

मारोती दुपारी घरी आला. पोरं रस्त्यात "आलं कानखातं, आलं कानखातं" करून पळतात म्हणाला. श्रवणखात्याचं गावाने कानखातं केलं. मला गंमत वाटली.

मग त्याने खिशातून चिठ्ठी काढली. गावातल्या लक्ष्मणरावांनी शर्ट उसवून सैल करायला दिला होता, त्याच्या खिशात मिळाली. "अमुक माणूस सरकारी जंगलातलं सागवान बैलगाडीत कडब्याखाली आणतो." खाली नाव नाही.

"राहिली असंल चुकून," मी म्हटलं.

"मंग वर माझं नाव काऊन लिवलं?"

खरंच होतं. घडीवर लिहिलं होतं, मारोती साहेबास.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

आठ झाल्या. सदऱ्याच्या खिशात, पायजम्याच्या नाडीच्या घडीत, एक तर विठाबाईच्या चोळीच्या कापडाच्या गाठीत. विठाबाईला लिहिता येत नाही. सुनेबद्दल लिहिलंय, की ती परसात उभी राहून कोणाशी तरी बोलते.

अक्षर मी ओळखलं. तिसरीतल्या मुलीचं आहे, विठाबाईच्या नातीचं. म्हणजे आजीने सांगितलं आणि पोरीने स्वतःच्या आईविरुद्ध लिहिलं. मग बाकीच्या नीट पाहिल्या. पाच माझ्याच विद्यार्थ्यांच्या. ऱ्हस्वदीर्घ बऱ्यापैकी. एकाने 'संशयास्पद' बरोबर लिहिलंय, हा शब्द मी नाटकातच घातला होता.

मारोती म्हणाला, "चुलीत टाकू का?"

मी म्हटलं, नको, माझ्याकडे दे. दुसऱ्या नाटकाला असं साहित्य मिळायचं नाही.

तो देऊन गेला. त्याचं अंग हलकं झाल्यासारखं दिसलं.

९ नोव्हेंबर, मंगळवार

चिठ्ठ्या सुट्या राहिल्या तर हरवतील म्हणून एका शंभर पानी वहीत उतरवून घेतल्या. तारीख, कोणाबद्दल, काय. नावाप्रमाणे पानं पाडली, म्हणजे एका माणसाचं सगळं एका ठिकाणी दिसतं. वळणदार अक्षरात लिहिलं. वही सुरेख झाली आहे. मूळ चिठ्ठ्या जाळून टाकल्या.

आज एक विचित्र ऐकलं. कापूस वेचणाऱ्या बायांनी परवा कानखात्याचा माणूस पाहिला, ओढ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कोट घालून उभा, त्यांच्याकडे बघत. मला हसू आलं. तो मीच. फिरून येताना दम खायला थांबलो होतो. पण मी तसं बोललो नाही.

त्याच वेळी लक्ष्मणरावांनी त्याला बाजारहत्नूरच्या मोटारअड्ड्यावर पाहिलं म्हणे. आणि दुपारी कोणी इंद्रवेल्लीच्या रस्त्याला. त्या दिवशी मारोती आदिलाबादला धागे, बटणं आणायला गेला होता, नंतर मीही त्याला तिथे गाठलं. कोट आधी माझ्या अंगात, मग कपाटात, किल्ली माझ्या जानव्याला नव्हे, कमरेच्या करदोट्याला. मग ती दोन माणसं कोण?

१३ नोव्हेंबर, शनिवार

आज फार चांगला दिवस. नाटकाची कीर्ती कुठवर गेली बघा. उद्धवराव नावाचे गृहस्थ मोटारसायकलवरून शाळेत आले. विमा एजंट आहेत. नांदेडकडचे म्हणाले, मराठीला किंचित हैदराबादी वळण आहे. नाटक त्यांनी स्वतः पाहिलं होतं, मागे उभं राहून. मेघकोटची मांडणी, खात्याची कामाची पद्धत, सगळं त्यांना पाठ होतं. "मारायचं नाही, विचारायचं नाही, हे तुम्हाला कसं सुचलं?" त्यांनी दोनदा विचारलं. आजवर माझ्या लिहिण्याबद्दल असा खोलात जाऊन प्रश्न कोणी विचारला नव्हता.

नांदेडला त्यांच्या ओळखीचा छापखाना आहे. नाटक छापून आणू म्हणाले.

माझं डी.एड. कोणत्या साली कुठे झालं हेही त्यांना माहीत होतं. म्हणजे माणसाने माझी चौकशी करून मगच पाऊल टाकलं. याला कदर म्हणतात.

त्यांना घरी नेलं, कुसुमने चहा केला. ते गेल्यावर म्हणाली, "विमावाला हाये तर विमा काऊन नाही काढा म्हनला?"

बायकांना सगळीकडे शंका.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

खरं लिहितो. ही चिठ्ठ्यांची वही खोलीत असली की मला बरं वाटतं.

महिपत पाटलाचा मुलगा महिनाभर शाळेत येत नव्हता. काल पाटील रस्त्यात भेटला. मी फक्त म्हटलं, "पाटील, तुमच्या सालदाराच्या घरच्या तुरीच्या पोत्यांचं काय झालं?" वहीतलं सातवं पान. त्याचं तोंड उतरलं. आज मुलगा पहिल्या रांगेत होता, डोक्याला तेल लावून. पटावर एक्केचाळीस, हजर एक्केचाळीस. दोन भावांचं बांधाचं भांडणही असंच एका वाक्यात मिटवलं. कोणाचं वाईट केलं मी?

एकच गोष्ट खटकते. चिठ्ठ्या तेहतीस झाल्या. गावातल्या जवळजवळ प्रत्येकाबद्दल कोणी ना कोणी लिहिलंय. माझ्याबद्दल एकही नाही. मारोतीला विचारलं, मागे ठेवत नाहीस ना? तो नाही म्हणाला, पण माझ्याकडे न पाहता. त्याची बायको बयनाबाई मध्येच बोलली, "गुरुजी, हे बंद करा. ह्यायले झोप नाही येत. मशीनवर बसले का कपड्यायले हात लावाले भेतात."

मी म्हटलं, थोडे दिवस. दुसऱ्या नाटकापुरतं.

२४ नोव्हेंबर, बुधवार

आजची चिठ्ठी वेगळी होती. माझ्या कोणत्याच विद्यार्थ्याचं अक्षर नाही. सरळ, सरावाचं, शाईच्या पेनने लिहिलेलं. "दादाजीच्या मळ्यातल्या खोपटात जंगलातली माणसं येऊन जेवतात. द्वारकाबाई भाकरी नेते." द्वारकाबाई म्हणजे दादाजीची बायको.

ही उतरवू नये असं वाटलं. इतर चिठ्ठ्या म्हणजे घरगुती कागाळ्या, ही तशी नाही. पण दादाजीचं पान तोवर कोरंच होतं. नावं घातलेल्या पानांत तेवढं एकच कोरं, ते डोळ्यांना टोचायचं. उतरवली.

चारच्या सुमारास उद्धवराव आले. दुसऱ्या नाटकाचं साहित्य पाहू द्या म्हणाले. वही हातात घेऊन एकेक पान सावकाश उलटलं. मग म्हणाले, "महिपतराव, असं काम मी कुठेच पाहिलं नाही."

"मी महिपत नाही, मोतीराम," मी म्हटलं. "महिपत आमच्या पाटलाचं नाव."

"हो हो, मोतीराम," ते हसले. "सातव्या पानावरचा महिपत."

नावं बदलणार आहे असं मी आपणहून सांगितलं. ते म्हणाले, "नंतर बदला. आधी खरीच असू द्या, जिवंतपणा राहतो." छापखानावाल्याला दाखवायला दोन दिवसांसाठी वही घेऊन गेले.

मोटारसायकल वळली तेव्हा पाहिलं, मागे नंबर नव्हता.

२९ नोव्हेंबर, सोमवार

दादाजीला नेलं. सकाळी दहा वाजता, सगळ्यांसमोर, कापूस वेचताना. जीपमधून चार माणसं उतरली, साध्या कपड्यांतली. ओरडले नाहीत, हात लावला नाही. एकाने त्याच्या खांद्यावरची कापसाची झोळी काढून बाजूला ठेवली आणि म्हटलं, चला. द्वारकाबाई जीपमागे ओढ्यापर्यंत पळाली.

मी शाळेच्या ओसरीवरून पाहिलं. पोरं माझ्यामागे उभी होती. एकाने विचारलं, "गुरुजी, हे मेघकोटचे का?"

वही अजून परत आलेली नाही. छापखान्यात वेळ लागत असेल.

२ डिसेंबर, गुरुवार

ठाण्यात गेलो होतो. जमादार म्हणाला, आम्ही कोणाला आणलं नाही. मला वाटतं तो खरं बोलत होता. आवाज खाली करून त्याने पुढे म्हटलं, "मास्टर, ऊपरवाले हैं. हमको भी नहीं बताते." त्याच्या कपाळावर घाम होता. डिसेंबरात.

उद्धवरावांनी दिलेल्या पत्त्यावर विमा कंपनीकडे तार केली होती. उत्तर आलं. या नावाचा एजंट त्यांच्याकडे नाही.

जेवलो नाही.

४ डिसेंबर, शनिवार

गाव म्हणतं, मारोतीने सांगितलं. नाटकात त्याने दादाजीला पकडलं, आता खरंच पकडवलं. ज्यांनी चिठ्ठ्या दिल्या तेच सगळ्यात मोठ्याने बोलतात. त्याच्या दुकानातून लोकांनी न शिवलेलं कापड परत नेलं. बयनाबाई हापशीवर गेली तर बाया बादल्या उचलून बाजूला झाल्या.

मारोती माझ्याकडे आला. मला वाटलं आता विचारेल, वही कुठे आहे. त्याने विचारलं नाही. दारात उभा राहून म्हणाला, "गुरुजी, तुमी लोकायले सांगसान ना, का मी कोठं गेलो नाही म्हनून? तुमचं आयकतात."

मी म्हटलं, सांगतो.

६ डिसेंबर, सोमवार

बाबासाहेबांचा स्मृतिदिन. विहारात जवळजवळ सगळं गाव. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली आणि मला बोलायला सांगितलं. मारोती मागच्या खांबाजवळ होता, त्याच्या चारी बाजूंना हातभर जागा मोकळी. द्वारकाबाई पुढे बसली होती. मी शिक्षणाबद्दल बोललो. पंचवीस मिनिटं बोललो. छान झालं असं लोक म्हणाले.

मारोती माझ्याकडेच पाहत होता. गळ्याकडे नाही, डोळ्यांत.

११ डिसेंबर, शनिवार

मारोती आणि बयनाबाई किनवटला गेले, तिच्या भावाकडे. मशीन बैलगाडीत घालून. कोट त्याने आठ दिवसांपूर्वीच मागून नेला होता. तो उसवून त्याचे सरळ तुकडे करून, घडी घालून, गाडीत मशीनखाली ठेवले होते, हलू नये म्हणून.

आणि तरी काल संध्याकाळी शेजारची आशाबाई सांगत होती, कोटवाला पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. मी विचारलं, कसला कोट? "राखी," ती म्हणाली. "गळ्याशी बंद." मग माझ्याकडे पाहून घाईने म्हणाली, "माझी नजर कमी हाये, गुरुजी. मी काही पायलं नाही."

१६ डिसेंबर, गुरुवार

दादाजी आला. सतरा दिवसांनी. मोटारअड्ड्यापासून चालत. डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत, बाकी अंगावर काही दिसत नाही. कोणाशी बोलला नाही. द्वारकाबाईने पाणी दिलं तेव्हा तांब्या दोन्ही तळव्यांत धरून प्यायला.

मी गेलो नाही. डोकं दुखतं असं कुसुमला सांगितलं.

१७ डिसेंबर, शुक्रवार

शाळा सुटल्यावर तोच आला. ओसरीच्या पायरीवर बसला. मी खुर्ची देत होतो, नको म्हणाला.

मग म्हणाला, "तेथं मले एक वही दाखवली. साहेब म्हने, वाच."

मी खुर्ची परत भिंतीशी ठेवली.

"वाचली, गुरुजी. एवढं लांब कदीच वाचलं नोतं. जोडाक्षरं बी आली." तो पायरीवर नखाने रेघ ओढत होता. "अक्षर पायलं आन् समजलं. तुमी फळ्यावर जसा 'झ' काढता ना, तसाच. मंग साहेब म्हने, हे अक्षर कोनाचं, वळखतं का? म्हनलो, साहेब, मले वाचताच येत नाही."

"त्यांना माहीत होतं, दादाजी," मी म्हटलं. "मीच दिली होती."

"हव. ते मले मागून समजलं. तुमचं नाव ते असं घेत होते, जसं त्यायच्यातल्याच मानसाचं घ्यावं." त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "पन तवर म्हनून गेलो होतो ना, येत नाही म्हनून. मंग तेच धरून ठेवलं. त्याच्यापायी हे बोटं."

खोपटात कोण येत होतं, मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं. मला अजूनही जाणून घ्यायचं होतं, हे माझ्या लक्षात आलं आणि माझीच शिसारी आली.

तरी त्याने सांगितलं. "एकच पोट्टा होता. इंद्रवेल्लीच्या दिवशी पायात गोळी लागली होती त्याले. बाजारात मीठ घ्याले गेलता, मोर्च्यात बी नोता. पाय सडून राह्यला होता. दवाखान्यात नेलं असतं तर धरलं असतं. द्वारका भाकर न्यायची, हळद लावायची. गेल्या पोळ्याले मेला तो. ओढ्यापलीकडं पुरला."

म्हणजे चिठ्ठी लिहिली गेली तेव्हा त्या खोपटात कोणीच नव्हतं. मेलेल्या माणसासाठी त्याला नेलं.

उठताना म्हणाला, "माझं राहू द्या. मारोतीले काऊन जाऊ देल्लं?"

१९ डिसेंबर, रविवार

विहारात सांगितलं. सगळं. वही मी केली, नावांनी पानं पाडली, माझ्या हाताने दिली, मारोतीने कोणाला काही सांगितलं नाही. चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांची नावं मी घेतली नाहीत. पण ती मला माहीत आहेत हे प्रत्येकाला कळलं. कळणारच होतं, अक्षरं मीच शिकवलेली.

मला वाटलं होतं शिव्या देतील. कोणी चप्पल काढेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो, चष्मा घरी ठेवला होता.

कोणी काही बोललं नाही. एक म्हातारा खोकला, तोही तोंड दाबून. मग महिपत पाटील उठला, दोन्ही हात जोडून म्हणाला, "जयभीम, गुरुजी." तो एरवी कधीच विहारात येत नाही, कधीच जयभीम म्हणत नाही. त्याच्यामागून एकेकाने तसंच केलं आणि सगळे रांगेने बाहेर गेले. लक्ष्मणरावांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं.

फक्त द्वारकाबाई माझ्याजवळ थांबली. थुंकली माझ्या पायाशी. त्यावेळी मला तिचे पाय धरावेसे वाटले.

२१ डिसेंबर, मंगळवार

किनवटला जाऊन आलो. मारोती मेहुण्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसतो, भिंतीकडे तोंड करून. त्याला म्हटलं, गावात सगळ्यांसमोर सांगितलंय, तुझ्यावरचा आळ गेला, परत चल.

त्याने मशीन थांबवलं नाही. "सांगतलं ते बरं केलं. पन मी येत नाही, गुरुजी. आता कोनाचा खिसा पलटवाचा म्हनलं का हात कापतात."

"मी काय करू?" मी विचारलं.

त्याने धागा दाताने तोडला. "एक चिठ्ठी तुमच्यावर बी आली होती. सगळ्यायच्या आधी. मी जाळली." कोणी लिहिली होती, काय होतं, मी विचारलं. त्याने मान हलवली आणि पुन्हा पाय चालवायला लागला.

बसमध्ये सगळ्या वाटेत तेच डोक्यात. काय लिहिलं असेल. कोणी.

२३ डिसेंबर, गुरुवार

वर्गात एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस हजर. कोणी खोड्या काढत नाही. प्रश्न विचारला की उभं राहून उत्तर देतात, आणि उत्तर संपल्यावरही, बस म्हणेपर्यंत उभी राहतात. विठाबाईच्या नातीची पाटी पाहायला वाकलो तर तिने अक्षर दोन्ही हातांनी झाकलं.

रस्त्यात लोक बाजूला होतात. नमस्कार आधी येतो, माणूस मागून. काल दुकानात माझ्या आधी चार जण होते, चौघेही मागे सरकले. द्वारकाबाई एकटीच सरळ चालत येते आणि मला धक्का मारून जाते. दिवसभरात तेवढंच माणसासारखं घडतं.

संध्याकाळी घरात शिरलो. कुसुम आणि आशाबाई चुलीपाशी बोलत होत्या. मला पाहून आशाबाई गप्प झाली. "काय चाललंय?" मी सहज विचारलं. "काही नाही गुरुजी, काही नाही," म्हणत तिने सूप उचललं आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेली.

"तू तरी बोल," मी कुसुमला म्हटलं.

तिने भाकरी उलटली. तव्यावरून काढून ठेवली. मग म्हणाली, "काय बोलू? तुमी अजून रोज लिवून राह्यले. मी येथं काय बोलते, तेथं काय लिवता, मले काय मालूम?"

"ही माझी स्वतःची वही आहे, कुसुम. दैनंदिनी. यात माझंच असतं."

"तुमचंच हाये तर वाचून दाखवा."

मी मागची पानं चाळली. दादाजी, मारोती, विठाबाई, ती पोर, आशाबाई, पाटील, कुसुम. तारखेने. सगळं एका ठिकाणी.

ती आता दारात उभी आहे, हाताला पीठ तसंच. एवढं वाक्य संपवून वही तिच्या हातात देतो. ठेवायची की काय करायची, ते तिचं ती बघेल. विचारणार नाही.